निर्बंध लादले, आता उठवायचे कसे? इराणचा अणुकार्यक्रम आणि त्यावरून चाललेली ओढाताण

डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने एक निर्णय घेतला आणि देशातल्या तेलशुद्धीकरण कंपन्यांची झोप उडाली. आशियातल्या काही देशांनी आपापसातली देणी-घेणी मिटवण्यासाठी एशियन क्लिअरिंग युनियन नावाची व्यवस्था उभी केली होती. इराणच्या तेलाचे पैसे त्याच वाटेने जायचे. रिझर्व्ह बँकेने ती वाट तेलासाठी बंद केली. त्या काळात सौदी अरेबियाखालोखाल आपल्याला सर्वांत जास्त कच्चं तेल इराणकडून येत होतं. इराण द्यायला तयार होता, आपल्या कंपन्यांकडे पैसेही होते. ते पोचवायचे कसे, एवढाच प्रश्न होता आणि तो सुटता सुटेना. काही दिवस हॅम्बुर्गमधल्या एका बँकेतून पैसे गेले. युरोपने त्या बँकेवरच निर्बंध घातले. मग तुर्कस्तानातल्या एका बँकेचा आधार घेतला. थकबाकी अब्जावधी डॉलरवर गेली. शेवटी २०१२ मध्ये कोलकात्याच्या युको बँकेत इराणसाठी रुपयांचं खातं उघडलं गेलं. बिलाचा ४५ टक्के भाग त्या खात्यात रुपयांत जमा करायचा आणि त्या रुपयांतून इराणने आपल्याकडून बासमती, चहा, औषधं, सोयाबीनची पेंड घ्यायची, असं ठरलं. महाराष्ट्र-मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या पेंडेला इराणचं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते याच काळात.

यातली लक्षात घ्यायची गोष्ट अशी की इराणचं तेल घेऊ नका, असं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने कधीच म्हटलेलं नव्हतं. भारत सरकारनेही तशी बंदी घातली नव्हती. तरीही आपले पैसे अडकले. निर्बंध म्हणजे नक्की काय, ते कोण लादतं आणि कुठे जाऊन लागतात, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करायला हवी. पण त्याआधी मूळ भांडण काय, ते बघू.

इराणचा अणुकार्यक्रम सुरू झाला तो अमेरिकेच्याच मदतीने. शहाच्या, म्हणजे इराणच्या तेव्हाच्या राजाच्या, राजवटीत, १९५७ मध्ये, दोन्ही देशांत अणुऊर्जेच्या शांततामय वापराचा करार झाला आणि १९६७ मध्ये तेहरानमध्ये अमेरिकेने दिलेली छोटी संशोधन अणुभट्टी चालू झाली. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर, म्हणजे एनपीटीवर, इराणने १९६८ मध्येच सही केली. हा करार एक सौदा आहे: बॉम्ब बनवणार नाही अशी हमी द्या, निरीक्षकांना दारं उघडी ठेवा, आणि त्या बदल्यात वीज, औषधं, संशोधन यांसाठी अणुऊर्जा वापरण्याचा तुमचा हक्क मान्य. भारताने या करारावर सही केलेली नाही, इस्रायलनेही नाही. इराणने केली आहे. म्हणूनच इराणकडे बोट दाखवताना 'तुम्ही शब्द दिला होता' असं म्हणता येतं, आणि इराणलाही 'आमचा हक्क करारातच लिहिलाय' असं उत्तर देता येतं. दोन्ही बाजू एकाच कागदाचा हवाला देतात.

ठिणगी पडली ऑगस्ट २००२ मध्ये. इराणमधल्या राजवटीच्या विरोधकांच्या परदेशातल्या संघटनेने जाहीर केलं की नतांझ इथे युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना आणि अराक इथे जड पाण्याचा प्रकल्प उभा राहतोय (जड पाण्यावर चालणाऱ्या भट्टीतून प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बचा दुसरा कच्चा माल, मिळू शकतो). इराणने याची कल्पना आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला, म्हणजे आयएईएला, दिलेली नव्हती. पुढे सप्टेंबर २००९ मध्ये कोम शहराजवळ डोंगराच्या पोटात खोदलेला फोर्दोचा कारखानाही असाच उघडकीला आला. शांततेसाठी चाललेलं काम डोंगराखाली लपवायचं कशाला, या प्रश्नाचं पटेल असं उत्तर इराणला कधीच देता आलं नाही. आयएईएने २०१५ च्या अखेरीस आपला निष्कर्ष मांडला: २००३ पर्यंत इराणमध्ये बॉम्बशी संबंधित काम संघटितपणे चालू होतं, त्यातलं काही २००९ पर्यंत रेंगाळलं आणि त्यानंतर तसं काम झाल्याची विश्वासार्ह खूण सापडली नाही. म्हणजे संशय निराधार नव्हता, आणि 'बॉम्ब उद्या तयार होतोय' हा वर्षानुवर्षं चाललेला ओरडाही खरा नव्हता.

आता समृद्धीकरण. बातम्यांत ३.६७ टक्के, २० टक्के, ६० टक्के असे आकडे येतात. ते एकदा नीट समजले की बाकीचं राजकारण आपोआप उलगडतं.

खाणीतून निघालेल्या युरेनियमचे हजार अणू घेतले तर त्यांतले फक्त ७ कामाचे असतात, युरेनियम-२३५ जातीचे. बाकी जवळजवळ सगळे युरेनियम-२३८. समृद्धीकरण म्हणजे धान्य पाखडण्यासारखं काम आहे: सुपातलं फोल कमी करत जायचं, म्हणजे दाण्याचं प्रमाण वाढत जातं. फरक इतकाच की इथे दाणा आणि फोल यांच्या वजनात नावापुरतं अंतर असतं. म्हणून युरेनियमचा वायू करून तो प्रचंड वेगाने गरगरणाऱ्या नळकांड्यांतून, म्हणजे सेंट्रिफ्यूजमधून, पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो.

हिशेब असा. हजारातले ७ कामाचे अणू कायम ठेवून प्रमाण ४ टक्क्यांवर न्यायचं तर एकूण अणू १७५ उरायला हवेत, म्हणजे ८२५ काढून टाकायचे. विजेच्या अणुभट्टीला एवढं पुरतं. ४ वरून २० टक्क्यांवर जायला आणखी १४० काढायचे, उरतात ३५. २० वरून ६० टक्क्यांवर जायला फक्त २३. आणि ६० वरून ९० टक्क्यांवर, म्हणजे बॉम्बच्या दर्जापर्यंत जायला? चार. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात काही कामाचे अणूही वाया जातात, पण मुद्दा यातून स्पष्ट होतो. सगळी मेहनत सुरुवातीला असते. ६० टक्क्यांवर पोचलेला देश शेवटच्या पायरीवर उभा असतो. '६० म्हणजे अजून ३० टक्के बाकी' असं वाचलंत, तर लिहिणाऱ्याला हा हिशेब माहीत नाही असं समजावं. अर्थात समृद्ध युरेनियम म्हणजे बॉम्ब नव्हे. त्याचा धातू करणं, स्फोटाची यंत्रणा जुळवणं, ते क्षेपणास्त्रावर बसेल इतकं लहान करणं, ही वेगळी कामं आहेत आणि त्यांना वेळ लागतो.

या संशयावरून फेब्रुवारी २००६ मध्ये आयएईएच्या संचालक मंडळाने इराणचं प्रकरण सुरक्षा परिषदेकडे पाठवलं. भारताने त्या वेळी इराणच्या विरोधात मत दिलं. त्याआधी सप्टेंबर २००५ मध्येही दिलं होतं. अमेरिकेशी आपल्या अणुकराराची बोलणी चालू असतानाची ही मतं, त्यामुळे दिल्लीत बरीच वादावादी झाली. २००६ ते २०१० या काळात सुरक्षा परिषदेने एकामागून एक ठराव केले: समृद्धीकरण थांबवा, अणुकार्यक्रम आणि क्षेपणास्त्रांना लागणारं सामान इराणला विकू नका, ठरावीक व्यक्ती आणि संस्थांची खाती गोठवा, मोठी शस्त्रं देऊ नका. हा निर्बंधांचा पहिला थर, सगळ्या जगावर बंधनकारक.

दुसरा थर युरोपचा. २०१२ मध्ये युरोपीय संघाने इराणचं तेल घेणं बंद केलं आणि त्याच वर्षी इराणच्या बँकांना स्विफ्टमधून बाहेर काढण्यात आलं. स्विफ्ट पैसे पाठवत नाही, बँकांमधले निरोप पोचवते, पण निरोपच गेला नाही तर पैसे जाणार कसे? आणखी एक फटका कमी लोकांच्या लक्षात आला, तो विम्याचा. जगातल्या बहुतेक तेलवाहू जहाजांचा विमा युरोपीय कंपन्या उतरवतात. इराणचं तेल वाहणाऱ्या जहाजांना विमा द्यायचा नाही, असा नियम युरोपने केला. विमा नसलेलं टँकर कुठलं बंदर आत घेईल?

तिसरा थर अमेरिकेचा, आणि खरी ताकद इथे आहे. अमेरिकी कंपन्यांनी इराणशी व्यवहार करू नये, हे एक झालं. पण अमेरिकेने दुसऱ्या देशांतल्या बँका आणि कंपन्यांनाही सांगितलं: इराणशी धंदा करा किंवा आमच्याशी, दोन्ही जमणार नाही. यांना दुय्यम निर्बंध म्हणतात. नाव दुय्यम असलं तरी चटका मुख्य. कारण जगातला तेलाचा व्यवहार बहुतांशी डॉलरमध्ये होतो आणि डॉलरचा व्यवहार कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर न्यूयॉर्कमधल्या बँकेच्या वहीतून जातो. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा या बँकेने सुदान, इराण आणि क्यूबासाठी केलेल्या व्यवहारांबद्दल अमेरिकेला जवळजवळ ९०० कोटी डॉलर दंड भरला. असा एक दंड बसला की जगभरच्या बँकांचे कायदा विभाग शहाणे होतात. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये जी वाट बंद केली, ती याच दबावाच्या सावटाखाली.

या सगळ्याचा परिणाम झाला का? तेलावर झाला. २०११ मध्ये इराण दिवसाला साधारण २५ लाख पिंपं तेल निर्यात करत होता. दोन वर्षांत ती निर्यात निम्म्याहून खाली आली. इराणचं चलन रियाल कोसळलं, महागाई भडकली. पण अणुकार्यक्रमाचं काय? एप्रिल २००६ मध्ये इराणकडे १६४ सेंट्रिफ्यूजची एक साखळी चालत होती. निर्बंधांची सात वर्षं सोसून २०१३ मध्ये बसवलेल्या सेंट्रिफ्यूजची संख्या १९ हजारांच्या घरात गेली होती. जे थांबवायचं तेच वाढत गेलं.

आणि ज्यांचा यात काहीच दोष नव्हता त्यांनी किंमत मोजली. कागदावर औषधं आणि अन्न यांना निर्बंधांतून कायम सूट होती. 'औषधं कुणी अडवली?' असा सवाल वॉशिंग्टनमधून नेहमी केला जातो. अडवायची गरजच पडत नाही. औषधाचे पैसे स्वीकारायला बँक नको म्हणते, जहाज कंपनी नको म्हणते, विमावाला नको म्हणतो. परवानगी आहे का, हे तपासायला वकील लावण्यापेक्षा त्या देशाचं गिऱ्हाईकच सोडलेलं स्वस्त पडतं. जन्मतःच त्वचा इतकी नाजूक की कपडा घासला तरी फोड येतात, असा एक दुर्मीळ आजार आहे. त्या मुलांच्या जखमांना न चिकटणाऱ्या खास पट्ट्या लागतात. २०१८ नंतर स्वीडनमधल्या एका कंपनीने त्या इराणला पाठवणं थांबवलं. साध्या पट्टीने जखम बांधली की सोडताना कातडी सोबत निघते. अणुभट्टीशी या लेकरांचा काय संबंध? ज्यांना निर्बंध हा युद्धापेक्षा सौम्य उपाय वाटतो, त्यांनी हे उदाहरण जरूर डोळ्यांसमोर ठेवावं.

मग तोडगा निघाला कसा? दोन गोष्टी एकत्र आल्या. इराणची आर्थिक कोंडी झाली होती हे खरं, आणि २०१३ मध्ये हसन रुहानी 'बोलणी करू, निर्बंध उठवू' असं सांगून राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. पण तेवढ्याने भागलं नसतं. त्याआधीच ओमानच्या मध्यस्थीने मस्कतमध्ये गुप्त बोलणी सुरू झाली होती आणि त्यांत अमेरिकेने एक जुना हट्ट सोडला. समृद्धीकरण शून्यावर आणा, ही मागणी बाजूला ठेवून मर्यादित समृद्धीकरण कडक पहाऱ्याखाली चालेल, अशी तयारी दाखवली. 'दबावामुळेच इराण झुकला' असं म्हणणारे ही दुसरी बाजू सोयीस्करपणे गाळतात.

१४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात करार झाला. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, चीन आणि युरोपीय संघ. इराणने समृद्धीकरण १५ वर्षं ३.६७ टक्क्यांवर ठेवायचं, साठा ३०० किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही, सेंट्रिफ्यूज १९ हजारांवरून ६ हजारांच्या आसपास आणायचे, फोर्दोत समृद्धीकरण करायचं नाही, अराकच्या भट्टीचा गाभा काँक्रीट ओतून निकामी करायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे निरीक्षकांना आजवर नव्हता इतका शिरकाव द्यायचा. आधी एका बॉम्बपुरतं युरेनियम जमवायला इराणला दोन-तीन महिने पुरले असते. आता किमान वर्ष लागेल, असा हिशेब होता. वर्षभरात जगाला पत्ता लागतो आणि काही करायला अवधी मिळतो. जानेवारी २०१६ मध्ये अटी पूर्ण झाल्याचा दाखला आयएईएने दिला आणि अणुकार्यक्रमावरून लादलेले निर्बंध उठले.

करारात उणिवा होत्या. काही मर्यादांना मुदत होती, क्षेपणास्त्रांना करार जवळजवळ शिवत नव्हता, लेबनॉन-येमेनमधल्या सशस्त्र गटांना इराण देत असलेल्या मदतीबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. इस्रायल आणि आखाती देशांची तक्रार हीच होती आणि ती पोकळ नव्हती. पण अणुकार्यक्रमाला वेसण घालण्याच्या कामात करार चालत होता. आयएईएचे अहवाल एकामागून एक तेच सांगत होते.

८ मे २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं आणि सगळे अमेरिकी निर्बंध परत लादले. पुढे काय झालं त्यावरून दुय्यम निर्बंधांची ताकद कळते. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी म्हणत होते की आम्ही करारातच आहोत. युरोपने तर आपल्या कंपन्यांनी अमेरिकी निर्बंध पाळू नयेत, असा कायदाही पुढे केला. तरी फ्रान्सच्या टोटल कंपनीने इराणच्या वायुक्षेत्रातून काढता पाय घेतला. इराणने एअरबसकडे १०० विमानं नोंदवली होती, तीन मिळाली. डॉलर टाळून व्यापार करायला युरोपने इन्स्टेक्स नावाची यंत्रणा काढली. तिच्यातून एकच व्यवहार झाला आणि २०२३ मध्ये ती गुंडाळली गेली. भारताला तेलासाठी अमेरिकेकडून मिळालेली सवलत मे २०१९ मध्ये संपली आणि आपण इराणचं तेल घेणं बंद केलं. तेल थांबलं तसं युको बँकेच्या खात्यातले रुपये आटत गेले आणि बासमती-चहाच्या निर्यातदारांची बिलं रखडू लागली.

माझ्या मते या सगळ्या कहाणीचं मर्म इथे आहे. निर्बंध हे सौद्याचं हत्यार असेल तर समोरच्याला दोन गोष्टींची खात्री हवी: ऐकलं नाही तर फटका बसेल, आणि ऐकलं तर फटका थांबेल. पहिली खात्री अमेरिका कधीही देऊ शकते. दुसरी २०१८ मध्ये मोडली. जो बायडन आल्यावर २०२१-२२ मध्ये व्हिएन्नात पुन्हा बोलणी झाली तेव्हा इराणचा आग्रह होता की पुढचा राष्ट्राध्यक्ष बाहेर पडणार नाही याची हमी द्या. तशी हमी बायडन देऊ शकत नव्हते. रीतसर तह करायचा तर अमेरिकेच्या सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ती मिळणं अशक्य होतं. शिवाय इराणवर दहशतवाद, मानवी हक्क, क्षेपणास्त्रं अशा वेगवेगळ्या कारणांनी लादलेले निर्बंध एकमेकांत इतके गुंतलेत की एक धागा सोडवला तरी बँका घाबरून लांबच राहतात. रुहानींनी जनतेला दाखवलेलं स्वप्न इथेच विरलं.

इराणनेही हात बांधून घेतले नाहीत. वर्षभर थांबून, २०१९ पासून तो एकेक मर्यादा ओलांडत गेला. जानेवारी २०२१ मध्ये २० टक्के, एप्रिलमध्ये ६० टक्के. त्या काळात बॉम्ब नसलेला दुसरा कुठलाही देश इतक्या वरच्या दर्जाचं युरेनियम तयार करत नव्हता आणि विजेसाठी त्याचा काही उपयोग नाही. निरीक्षकांचे अधिकार कमी केले, २०२२ मध्ये कॅमेरे काढायला लावले. याला सौदेबाजी म्हणा किंवा तयारी, धोका दोन्हींत सारखाच.

एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांचे दूत आणि इराणचे परराष्ट्रमंत्री अब्बास अराघची यांच्यात ओमानच्याच मध्यस्थीने बोलणी सुरू झाली. पाच फेऱ्या झाल्या. १२ जूनला आयएईएच्या मंडळाने इराण जबाबदाऱ्या पाळत नसल्याचा ठराव केला, १३ जूनला इस्रायलने हल्ला चढवला आणि १५ जूनची सहावी फेरी झालीच नाही. २२ जूनला अमेरिकी विमानांनी फोर्दो आणि नतांझवर बॉम्ब टाकले आणि इस्फहानच्या अणुकेंद्रावर पाणबुडीतून क्षेपणास्त्रं डागली गेली. युद्धाच्या बाराव्या दिवशी, २४ जूनला, शस्त्रसंधी झाली. जुलैच्या सुरुवातीला इराणने आयएईएशी सहकार्य थांबवलं.

त्यानंतर स्नॅपबॅक हा शब्द गाजला. २०१५ च्या कराराबरोबर सुरक्षा परिषदेने २२३१ क्रमांकाचा ठराव केला होता. त्यात एक अफलातून कलम होतं. इराणने शब्द मोडला तर निर्बंध परत आणावे लागणार, पण तसा ठराव मांडला की रशिया नकाराधिकार वापरणार, ही भीती होती. म्हणून मतदानाचा प्रश्नच उलटा केला. करारातल्या कुठल्याही देशाने तक्रार केली की ३० दिवसांचं घड्याळ सुरू होतं, आणि मत घ्यायचं ते 'सवलत चालू ठेवायची का', म्हणजे निर्बंध उठलेलेच ठेवायचे का, यावर. ठराव मंजूर झाला नाही तर जुने निर्बंध आपोआप लागू. नकाराधिकार इराणच्या मित्रांच्या उपयोगाचाच राहत नाही. २०२० मध्ये अमेरिकेने हे कलम वापरायचा प्रयत्न केला तेव्हा परिषदेतल्या बहुतेकांनी सांगितलं, तुम्ही करार सोडलाय, तुम्हाला हा अधिकार नाही.

या कलमाची मुदत १८ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती. २८ ऑगस्टला ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने घड्याळ सुरू केलं. १९ सप्टेंबरला सवलत चालू ठेवण्याच्या ठरावाला १५ पैकी फक्त ४ मतं पडली: रशिया, चीन, पाकिस्तान आणि अल्जीरिया. रशिया-चीनने मुदतवाढीचा ठराव आणला, तोही पडला. भारतीय वेळेनुसार २८ सप्टेंबरच्या पहाटे साडेपाच वाजता दहा वर्षांपूर्वी उठलेले संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध परत आले. रशिया आणि चीनने ते मानायला नकार दिला. त्यामुळे पहिल्या थराची मोठी ताकद, म्हणजे सगळं जग एका बाजूला असणं, ती मात्र परत आली नाही. २०१० चा ठराव मंजूर होताना हे दोन्ही देश बाजूने होते.

हल्ल्याच्या दिवशी इराणकडे ६० टक्क्यांचं सुमारे ४४० किलो युरेनियम होतं, असा आयएईएचा अंदाज आहे. संस्थेच्या मोजमापाप्रमाणे साधारण ४२ किलो आणखी समृद्ध केलं तर तत्त्वतः एका बॉम्बपुरतं होतं, म्हणजे हा साठा दहाएक बॉम्बांचा. इमारती पाडता येतात, सेंट्रिफ्यूज मोडता येतात. पण साठा किती उरलाय आणि कुठे आहे, हे कळायला कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन डबे मोजावे लागतात, त्यांवरचं सील तपासावं लागतं. ते काम विमानातून होत नाही आणि स्नॅपबॅकनेही होत नाही. निरीक्षकांना आत घ्यायचं की नाही हे तेहरानच्या हातात आहे. घेतलं तर बदल्यात कुठले निर्बंध उठतील आणि ते उठलेले राहतील याची जबाबदारी कोण घेईल, हे सांगणं वॉशिंग्टनच्या हातात. मस्कतमध्ये असो की व्हिएन्नात, बोलणी याच दोन गोष्टींवर अडत आली आहेत.